भाग 23 : ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’

आजचा भाग ज्यांच्या मुलाखती सुरू आहेत त्यांच्यासाठी. एसटीत ऐकत असाल तर ऐका, आणि खाली हा मजकूर आहेच, सेव्ह करून ठेवा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली दोन वर्षं आमच्या टीमसाठी मुलाखती घ्यायलाही बसतो. शेवटची पाच मिनिटं उरली की आम्ही विचारतो, ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ संगमनेर, कोपरगाव, पारनेर, आपल्या भागातला उमेदवार असला की बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं : ‘नो सर.’ आणि कॉल कट.

कारण मला माहीत आहे. मोठ्यांना उलट प्रश्न करायचे नाहीत, हे घरातून आलेलं असतं. आणि भीती असते, की जास्त विचारलं तर आलेली नोकरी जाईल. पण मला सांगा, घोडेगावच्या बाजारात म्हैस घेताना आपण काय करतो? कितव्या वेताची, दोन्ही वेळचं दूध किती, सगळं विचारतो. धार काढून बघतो. मालकाला राग येत नाही. उलट त्याला कळतं, की गिऱ्हाईक जाणकार आहे. मुलाखतीतही तसंच आहे. चांगला प्रश्न आला की मी सरसावून बसतो.

आता चांगला प्रश्न म्हणजे कोणता? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी महाराष्ट्रात माहिती अधिकारासाठी आंदोलन केलं, पुढे 2005 साली देशाचा कायदा आला. त्याचा अर्ज ज्यांनी लिहिलाय त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ‘आमच्या गावचा रस्ता खराब का?’ असं लिहिलं तर हाती काही लागत नाही. ‘या रस्त्याच्या कामाच्या आदेशाची आणि बिलाची प्रत द्या’ असं लिहिलं तर लागतं. मत मागायचं नाही, घडलेली गोष्ट मागायची.

खासगी कंपनीला माहिती अधिकाराचा अर्ज चालत नाही. तुमचा अर्ज म्हणजे ही पाच मिनिटं. पण युक्ती तीच वापरायची.

‘तुमच्याकडे वर्क कल्चर कसं आहे?’ याला प्रत्येक जण ‘खूप छान’ म्हणणार. त्याऐवजी विचारा, ‘मागचा रिलीज कधी झाला? त्या आठवड्यात टीम किती वाजता घरी गेली?’ ‘शिकायला मिळेल का?’ असं नको. ‘याआधी जो फ्रेशर घेतला, त्याने पहिल्या तीन महिन्यांत काय काम केलं?’ असं विचारा. ‘ही जागा नवी आहे की कुणी सोडून गेलं?’ हा तर सोन्यासारखा प्रश्न. ‘माझा कोड कोण तपासणार?’ हाही. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर ते अडखळणं हेच उत्तर.

कुणाला काय विचारायचं, तेही बघा. कामाचं टेक्निकल राउंडवाल्याला, पैशाचं आणि कागदाचं एचआरला. आणि वेबसाइटवर जे लिहिलंय ते विचारू नका, तिथे मात्र वाईट दिसतं.

आता पैशाचं. हे जरा सावकाश ऐका. समजा सीटीसी 4,80,000 सांगितला. घरी आपण सांगतो, महिना 40 हजार. पण समजा बेसिक निम्मं, म्हणजे महिना 20,000. त्यावर कंपनीचा 12 टक्के पीएफ, वर्षाला 28,800, सीटीसीतच धरलेला असतो. बेसिकच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी, साधारण 11,500, तीही बऱ्याचदा त्यातच. 10 टक्के व्हेरिएबल असेल तर ते 48,000 दरमहा येत नाहीत. उरले महिन्याला साधारण 32,600. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 2,400 आणि व्यवसाय कर 200 गेला, की हातात येतात 30 हजार. फसवणूक नाही ही, हिशेबच असा असतो. पण पुण्यातली खोली, मेस आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता 40 धरून ठरवला असेल तर दुसऱ्या महिन्यातच घरून पैसे मागवावे लागतात. म्हणून सरळ विचारा : ‘दरमहा बँकेत किती जमा होतील? व्हेरिएबल मागच्या वर्षी किती टक्के मिळालं?’

आणि बाँड. हॉस्टेलवर सगळे सांगतात, ‘बाँड कोर्टात टिकत नाही रे, कर सही.’ असं समजू नका. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास 2 लाख भरण्याची अट वैध धरली. ती सरकारी बँक होती, प्रत्येक बाँड तसाच टिकेल असं नाही. पण ‘टिकतच नाही’ हे चूक. तेव्हा विचारा : किती महिने, किती रक्कम, कोणत्या ट्रेनिंगच्या खर्चापोटी, आणि अर्धी मुदत काढली तर रक्कम कमी होते का?

माझ्या एका मित्राने हे विचारलं नव्हतं. जॉइनिंगच्या दिवशी मूळ मार्कशीट आणि डिग्री ‘व्हेरिफिकेशनसाठी’ जमा करून घेतली, ती परत मिळेना. आठ महिन्यांनी दुसरीकडून चांगली ऑफर आली, तिथे मूळ कागद दाखवायचे होते. ऑफर गेली. वडिलांना काय सांगायचं म्हणून दिवाळीला तो घरी आला नाही. म्हणून हा प्रश्न कधीच सोडू नका : ‘मूळ कागदपत्रं तपासून त्याच दिवशी परत मिळतील ना?’ उत्तर ‘नाही’ असेल तर सही करायच्या आधी घरी फोन करा.

भाषेची काळजी नको. इंग्रजी तुटकं असलं तरी प्रश्न नेमका असू द्या. वहीत चार प्रश्न लिहून न्या, वही उघडून विचारलं तरी चालतं. आणि फोनवर जे सांगितलं ते ईमेलवर लिहून मागा : ‘आपलं असं बोलणं झालं, कृपया कन्फर्म करा.’ दोन ओळी पुरतात.

प्रश्न विचारल्यामुळे नोकरी गेली तर? जाऊ शकते, मी खोटं सांगणार नाही. घरची गरज मोठी असेल तर अवघड उत्तर ऐकूनही तुम्ही सही कराल, त्यातही काही चूक नाही. फक्त कशावर सही करतोय ते माहीत असू द्या.

पुढच्या भागात नोटीस पिरियडबद्दल बोलू. तोवर तुमची मुलाखत असेल तर तुम्ही काय विचारलंत आणि उत्तर काय आलं, ते व्हॉइस नोटवर पाठवा. कंपनीचं नाव नको, प्रश्न तेवढा सांगा. चला, भेटू!