लिहायला सोपं की वाचायला?

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढली, पण काल सोलापूर स्टेशनवर उतरले तेव्हा आठवली ती मराठीची वही. दोन शब्दांत बोटभर जागा सोडली नाही तर बाई वही परत द्यायच्या. ‘वाचणार मी आहे, तू नाहीस,’ म्हणायच्या. तेव्हा राग यायचा.

आजोबांच्या पेटीत एक मोडी कागद होता, बार्शीकडच्या आमच्या विहिरीच्या पाणीवाटपाचा. मोडी झरझर लिहिण्यासाठीच: आधी ओळभर रेघ ओढायची, मग शक्यतो हात न उचलता अक्षरं काढत जायचं. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही. दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनाला ती सोयीची होती, आणि वाचणारेही तिला सरावलेले होते. पुढे छपाईत बाळबोध रुळली, शाळांतून मोडी गेली. आजोबांनंतर तो कागद घरात कुणालाच वाचता येईना. पाण्याच्या पाळीवरून दोन काकांचा अबोला दोन उन्हाळे टिकला. शेवटी जाणकाराकडून वाचून घेतला, तर पाळ्या त्यात स्वच्छ लिहिलेल्या!

मीही एकदा अशीच मोडी लिहिली, पर्लमध्ये. 1987 साली आलेली ही भाषा एकेका चिन्हात पुष्कळ काही मावू देते. हिशेबाच्या फायली तपासण्याचं काम मी एका ओळीत बसवलं आणि सगळ्यांना कौतुकानं दाखवलं. चार वर्षांनी ते बिघडलं. नव्या मुलानं रात्री अकराला फोन केला. ती ओळ मलाच वाचता येईना! पहाटेपर्यंत बसून आम्ही ती तीस ओळींत नव्यानं लिहिली.

1991 मध्ये आलेल्या पायथनमध्ये ओळीआधी सोडलेली जागा हा व्याकरणाचाच भाग आहे. ती चुकली तर प्रोग्रॅम अडतो, नाहीतर भलतंच काही करतो. मला ती भाषा आधी जाचक वाटली, अगदी बाईंसारखी. पण भाषा फक्त जागा सोडायला लावते. ‘एक्स’ लिहायचं की ‘उरलेली रक्कम’, हे आपणच ठरवायचं. लिहिण्याचे कष्ट एकदाच पडतात, वाचण्याचे दर वेळी, आणि बहुधा दुसऱ्याला.

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. आता मी टीममधल्या मुलांचा कोड परत पाठवते आणि तुमचंच वाक्य म्हणते. तीही चिडतात.