मुलाच्या हातातील कॅमेरा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक-सभेत माझ्यापुढे सर्वांत अधिक वेळा येणारी तक्रार एकच आहे. "सर, मुलगा सारखा मोबाइलवर व्हिडिओ काढीत बसतो. तुम्ही तरी त्याला काही सांगा." मीही अनेक वर्षे मुलांना तेच सांगत आलो की हा नाद सोडा, अभ्यासाला लागा. आज आपल्यासमोर कबूल करतो की निदान एका मुलाच्या बाबतीत मी चुकलो. ती चूक मला वर्गात कळली नाही, बाजारपेठेतील एका दुकानात कळली. ती हकीकत सांगण्यासाठीच मी हा विषय निवडला आहे.

तालुक्याच्या गावी एका कुटुंबाचे व्हिडिओचे लहानसे दुकान आहे. घरातील चाचांनी १९८८ साली खांद्यावर मोठा व्हीएचएस कॅमेरा घेऊन लग्नाचे शूटिंग करण्यास सुरुवात केली. आता मुलगा शूटिंग आणि संगणकावरील एडिटिंग पाहतो. बी. कॉम. झालेली मुलगी हिशेब ठेवते आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल करून देते. एका कुटुंबाच्या हातून एकाच धंद्याची दोन युगे पार पडली आहेत.

माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाची, १९९६ सालची कॅसेट घेऊन मी त्या दुकानात गेलो होतो. अब्बांचे २००४ साली निधन झाले. त्यांचे फोटो घरात पुष्कळ आहेत, पण आवाज फक्त त्या कॅसेटमध्ये होता. आपल्याकडील दमट हवेत ती कॅसेट कित्येक वर्षे कपाटावर पडून राहिली. चाचांनी ती उजेडात धरली आणि आतील फितीच्या कडेवर आलेली पांढरी बुरशी मला दाखविली. ते म्हणाले, "सर, ही तुम्ही दहा वर्षे आधी आणायला हवी होती."

व्हीएचएस ही पद्धत १९७६ साली जपानमधील जेव्हीसी कंपनीने आणली. हिच्या कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची फीत असते. तिच्यावर चुंबकीय कणांचा थर चिकटविलेला असतो आणि चित्र व आवाज त्या थरात नोंदलेले असतात. हवेतील ओल शिरली की चिकटविणारा पदार्थ मऊ पडतो, बुरशी धरते, आणि हळूहळू नोंदच नाहीशी होते. अशी फीत तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर ती तुटण्याची भीती असते. शिवाय यंत्राचे हेड घाण होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. म्हणून चाचांच्या मुलीने प्रथम कॅसेटचे पाच स्क्रू काढून ती उघडली, फीत कोरडी केली, मऊ कापडातून सावकाश फिरवून पुसून घेतली आणि दुसऱ्या स्वच्छ खोक्यात बसविली. त्यानंतर व्हीसीआर संगणकाला जोडून कॅसेट चालविली. ह्या कामात घाई करता येत नाही. तीन तासांची कॅसेट उतरविण्यास पूर्ण तीन तासच लागतात. आणखी एक अडचण अशी की व्हीसीआर आता नवे मिळत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये त्यांचे उत्पादन थांबविले. आज जे आहेत ते जुनेच, एकाचे भाग काढून दुसऱ्याला लावून चालविलेले.

माझ्या तीन तासांपैकी सुमारे दोन तास वाचले. निकाहच्या वेळचा भाग जवळजवळ सगळा गेला, पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेषा दिसतात. पण जेवणाच्या वेळी दारात उभे राहून अब्बा म्हणत आहेत, "पाहुण्यांना आधी वाढा, घरचे मागून बसतील," एवढे मात्र स्पष्ट ऐकू येते. माझ्या मुलांनी आजोबांचा आवाज त्या दिवशी प्रथम ऐकला. कामाचे पैसे मी दिले, पण त्या एका वाक्याची किंमत पैशात कशी करावी हे मला कळले नाही.

आता माझी चूक. कॅसेट घेण्यासाठी मी दुसऱ्यांदा दुकानात गेलो तेव्हा आतील बाकावर आमच्याच शाळेतील नववीचा एक विद्यार्थी बसलेला दिसला. आठवड्यापूर्वीच मी त्याचा मोबाइल काढून घेतला होता आणि सर्व वर्गासमोर त्याला नको इतके बोललो होतो. मला पाहताच तो उठून उभा राहिला. चाचांनी त्याला बसविले आणि मला म्हणाले, "सर, हा पोरगा दर रविवारी येतो. काय करतो ते एकदा पाहा तरी."

त्याचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, खाडीकाठी जाळी विणतात आणि फाटलेली जाळी दुरुस्त करतात. कोणत्या माशासाठी जाळ्याचे घर केवढे ठेवायचे, गाठ कशी मारायची, हे सारे त्यांच्या हातात आहे, कागदावर कोठेच नाही. मुलगा ते मोबाइलवर उतरवीत होता. त्याची अडचण एवढीच होती की "दादांचा आवाज पंख्यात बुडतो." वर्गात मी मोबाइल घेतला तेव्हा तो तीच चित्रफीत पाहत होता. वर्गात मोबाइल आणणे चुकीचेच, तो नियम मी आजही पाळायला लावतो. पण त्यात काय आहे हे एकदाही न विचारता मी त्याला बिघडलेला मुलगा ठरविले, ही माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी ज्या वर्गासमोर त्याला बोललो होतो, त्याच वर्गासमोर मी तसे सांगितले.

त्या दुकानात अशा हौशी मुलांकडून सल्ल्याचे पैसे घेतले जात नाहीत. चाचांनी त्याला जे शिकविले ते मी जवळ बसून ऐकले. आपल्यालाही ते उपयोगी पडेल. पहिली गोष्ट, चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. चित्र थोडे अंधूक असले तरी लोक पाहतात, आवाज कळला नाही तर उठून जातात. म्हणून पंखा बंद करावा आणि माइक बोलणाऱ्याच्या जवळ न्यावा. दुसरी, उजेड कॅमेऱ्याच्या मागून यावा. खिडकीकडे पाठ करून माणूस बसविला तर चेहरा काळा येतो. तिसरी, हात स्थिर ठेवावा, तिपाई नसेल तर भिंतीला टेकावे. चौथी, काय घ्यायचे ते आधी वहीत लिहावे. पाचवी गोष्ट त्यांच्या मुलीने सांगितली, आणि माझ्या कॅसेटमुळे ती मला चांगलीच पटली. ती म्हणजे एकाच जागी ठेवलेली वस्तू ही हरवलेली वस्तू समजावी. तीन प्रती कराव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी.

ह्या मुलाला गणितात जेमतेम ३५ गुण मिळत. दुकानात मी त्याला एक हिशेब करताना पाहिले. आपल्याकडील पद्धतीच्या कॅसेटमध्ये एका सेकंदाला २५ चित्रे असतात, मिनिटाला १,५०० आणि तीन तासांना २ लाख ७० हजार. डीव्ही पद्धतीने उतरविल्यास एका तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते, तर तीन तासांना किती, आणि डिस्कवर किती कॅसेटी मावतील? फळ्यावर ज्या गुणाकाराने तो घाबरत असे, तोच तेथे न चुकता करीत होता. गणित त्याला येत नव्हते असे नाही. ते कशासाठी करायचे हे मी त्याला दाखविले नव्हते.

कोणी म्हणेल, शौक ठीक, पण त्याने पोट भरते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्यातील मालेगाव देते. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख हे व्हिडिओ पार्लर चालवीत. त्यांनी चित्रपटाचे शिक्षण कोठल्या संस्थेत घेतले नाही. पार्लरमध्ये चित्रपट दाखविता-दाखविता ते शिकले. २००० साली त्यांनी गावातील माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' हा चित्रपट सुमारे ५० हजार रुपयांत तयार केला. क्रेन नव्हती तर बैलगाडी वापरली. एडिटिंगचे यंत्र नव्हते तर दोन व्हीसीआर जोडले. एकावर कॅसेट चालवायची आणि हवा तेवढाच तुकडा दुसऱ्यावर उतरवून घ्यायचा. ह्या पद्धतीत मध्येच चूक झाली तर तेथपासून पुन्हा करावे लागते, आणि प्रत्येक नकलेत चित्र थोडे फिके होते. आज तेच काम संगणकावर 'शॉटकट' किंवा 'ओपनशॉट'सारख्या विनामूल्य प्रणालीने होते आणि नक्कल मुळाइतकीच स्वच्छ राहते. साधने पूर्वीपेक्षा कितीतरी सोपी झाली आहेत. चिकाटी मात्र प्रत्येकाला स्वतःचीच आणावी लागते.

पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. तो कसा तयार झाला ह्यावर फैजा अहमद खान ह्यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली केला आणि तो परदेशांतील महोत्सवांतही दाखविला गेला. रीमा कागती ह्यांनी ह्याच मंडळींवर केलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट २०२४ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखविला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडील चित्रपटगृहांत आला. मालेगावच्या मातीतूनच निघालेल्या 'छोटू दादा'च्या विनोदी चित्रफिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत.

परंतु ह्या कथेची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी आपली फसवणूक केल्यासारखे होईल. सुपरमॅनचे काम करणारे शफीक शेख हे यंत्रमागावरचे कामगार होते. त्या चित्रपटात सुपरमॅन तंबाखूच्या व्यसनाविरुद्ध लढतो. त्याच शफीक शेख ह्यांचा २०११ साली कर्करोगाने मृत्यू झाला. कीर्ती मिळाली म्हणून बहुतेकांचे माग सुटले नाहीत. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, चित्रफीत चार लोकांनी पाहिली म्हणजे आयुष्य मार्गी लागले असे समजू नका. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या मनातही एकदा शाळा सोडून दुकानातच बसावे असे आले होते. चाचांनीच त्याला स्पष्ट सांगितले, "दहावीचे प्रमाणपत्र दाखविल्याशिवाय माझ्या दुकानाची पायरी चढायची नाही." स्वतःच्या मुलीला पदवीपर्यंत शिकविणाऱ्या माणसाने हे सांगितले, म्हणून त्याने ऐकले. आम्ही शिक्षकांनी सांगून ऐकले असते की नाही, शंकाच आहे.

त्याच्या वडिलांची समजूत घालणे अधिक कठीण गेले. दहावीनंतर त्याला आपल्याबरोबर होडीवर न्यायचे, असे त्यांनी ठरविले होते. घरची परिस्थिती पाहता त्यांना दोष देता येत नाही. आम्ही त्यांना दुकानात बोलावून दादांची चित्रफीत दाखविली. ती फक्त अकरा मिनिटांची आहे. ते काही बोलले नाहीत. शेवटी एवढेच म्हणाले, "ही गाठ मलासुद्धा नीट येत नाही." मुलगा दहावी उत्तीर्ण झाला, आता अकरावीत आहे आणि रविवारी दुकानात काम करतो. पुढे त्याचे काय होईल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्याचे शिक्षण थांबले नाही, आणि दादांची विद्याही हरवली नाही.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाच्या हातात मोबाइल दिसला की ओरडण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून एक प्रश्न विचारा, "तू पाहतो आहेस की काही बनवितो आहेस?" तासन्‌तास दुसऱ्याचे पाहत असेल तर जरूर थांबवा. बनवीत असेल तर काय बनवितो ते पाहा, अभ्यासाची वेळ ठरवून द्या आणि जाणत्या माणसाशी त्याची गाठ घालून द्या. हीच गोष्ट मुलींच्या बाबतीतही करा. कॅसेट वाचविण्याचे नाजूक काम त्या दुकानात मुलगीच करते, हे विसरू नका.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की दुसऱ्याची नक्कल करून नाचण्यापूर्वी आपल्या घरात पाहा. दादी-नानीला येणारे पदार्थ, लग्नातील जुनी गाणी, वडिलांचा हुनर हे सारे त्यांची परवानगी घेऊन उतरवून ठेवा. ज्याचे चित्र घ्याल त्याची इज्जत सांभाळा. न विचारता कोणाचे चित्र घेऊ नका आणि पसरवूही नका.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक नम्र सूचना करतो. शाळेतील एका जुन्या संगणकावर विनामूल्य प्रणाली घालून, एक साधा माइक घेऊन, महिन्यातून एक शनिवार अशा मुलांसाठी ठेवावा. चाचा आणि त्यांची मुले शिकविण्यास यायला तयार आहेत, मी त्यांना विचारले आहे.

आणि शेवटी, आपल्यापैकी ज्यांच्या कपाटावर जुन्या कॅसेटी पडल्या असतील त्यांनी आज घरी गेल्यावर त्या खाली काढाव्यात. माझा एक तास वाया गेला, तो परत येणार नाही. आपला जाऊ देऊ नका.