पी.टी.चा तास



पत्रिकेत माझा विषय ‘क्रीडाक्षेत्रातील करिअर’ असा छापलाय. पण शाळेच्या फाटकातून आत शिरलो आणि ती बास्केटबॉलची रिंग दिसली. जाळी आमच्या वेळीही नव्हती! बॉल आतून गेला की बाहेरून, यावर रोज भांडणं. मग आमचे पी.टी.चे सर यायचे आणि ज्याचा आवाज सगळ्यात मोठा, त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावायचे. ते पाय आजही उपयोगी पडतायत.

बास्केटबॉल हा खेळ 1891 साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जन्मला. पुढच्या मार्चमध्ये तिथे पहिला जाहीर सामना झाला, विद्यार्थी विरुद्ध शिक्षक. शिक्षक 5-1 असे हरले. तो एकमेव बास्केट आमोस अलोन्झो स्टॅग यांचा. पुढच्या रांगेतल्या सरांनी मनावर घ्यायला हरकत नाही!

स्टॅग मूळचे अमेरिकन फुटबॉलचे, येल विद्यापीठाचे खेळाडू. व्हायचं होतं धर्मोपदेशक. पण बोलणं जमेना, म्हणून मैदान धरलं. 1892 पासून चाळीस वर्षं शिकागो विद्यापीठात कोच. सत्तरी आली म्हणून विद्यापीठानं निवृत्त केलं, तर हे गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात रुजू झाले. 1943 मध्ये, 81 व्या वर्षी, देशातले सर्वोत्तम कोच ठरले! नंतर मुलाच्या जोडीनं कोचिंग केलं. गेले ते 102 व्या वर्षी.

करिअरचं बाकी गुगलवर मिळेल. मी एवढंच सांगतो, रोज मैदानावर या. टीममध्ये नाव नसलं तरी या. परीक्षा असली तरी या. दहावीचा पी.टी.चा तास गणिताला जातो, असं मघाशी मुलांनी माझ्या कानात सांगितलं. गणिताचे सर हसतायत, म्हणजे खरं असणार.

शिकागो विद्यापीठानं तर 1939 मध्ये फुटबॉलच बंद केला. स्टॅग यांच्या नावाच्या तिथल्या मैदानाच्या गॅलरीखाली 1942 मध्ये जगातली पहिली अणुभट्टी चालली. मैदान ओस पडलं की दुसरं कुणीतरी येतंच. तिथे निदान एन्रिको फर्मींसारखे शास्त्रज्ञ आले, आपल्याकडे मांडववाले आणि मोटारी येतात. विश्वस्त मंडळी, पार्किंगच्या शेडचा ठराव करण्याआधी एकदा संध्याकाळी साडेपाचला इथे येऊन उभे राहा.

मुख्याध्यापक बाई घड्याळ बघतायत. बक्षिसांना खो-खोच्या मुलींना आधी बोलवा, त्या केव्हाच्या ताटकळल्यात.