बिनतारी संच आणि संगणक यांची सोयरीक

हौशी बिनतारीवाल्याचा हातसंच काही किलोमीटर बोलतो; मध्ये डोंगर आला की तेवढेही नाही. पण तोच आवाज इंटरनेटवरून पुढे नेला, तर परदेशातल्या संचातही ऐकू येतो. अशी सांधणी करणाऱ्या ठाण्याला नोड म्हणतात. त्याचा कारभार पाहणारा ऑलस्टार हा प्रोग्राम फुकट मिळतो. त्याचा गाभा जिम डिक्सन या अमेरिकी हौशी गृहस्थांनी रचला. तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक त्याला पुरतो. अडते ते मध्येच. संच व संगणक यांच्यात दुभाष्या लागतो, आणि तयार घ्यावा तर तो स्वस्त हातसंचापेक्षाही महाग पडतो.

हा दुभाष्या घरी होतो बरे का! यूएसबीचे साधे साउंड कार्ड घ्या. आत सी-मीडिया कंपनीची सीएम १०८ चिप हवी. आवाज आत-बाहेर नेण्याची सोय तीत असतेच. खरी गंमत तिच्या ४८ पायांत आहे. १३ वा पाय प्रोग्रामच्या हुकमात राहतो. तिथून एका रोधकामार्गे एनपीएन ट्रान्झिस्टरच्या बेसला तार नेली, की संचाचे बोलण्याचे बटण दाबल्यासारखे होते. ४८ वा पाय मुळात आवाज कमी करण्याच्या बटणाचा. ‘कोणी बोलते आहे’ ही संचाची खूण त्याला द्यायची. पाय फार बारीक, तेव्हा डाख लावताना भिंग घ्यावे. काही कार्डांत चिपवर काळा गोळा थापलेला असतो. ती घेऊच नयेत.

आता धोका ऐका. संगणक मध्येच गोठला आणि १३ वा पाय चालूच राहिला, तर संच बोलतच राहतो. तो तापतो, आणि त्या लहरीवर दुसऱ्या कोणाला, अगदी अडचणीतल्या माणसालाही, तोंड उघडता येत नाही. म्हणून वेळ संपताच प्रक्षेपण तोडणारी सोय प्रोग्राममध्ये असली तरी संचातही लावावीच, आणि शक्ती कमीत कमी ठेवावी. स्वस्ताईच्या भरात नेमके हेच राहून जाते.

आपल्याकडे प्रक्षेपणाला केंद्र सरकारचा परवाना लागतो; तो परीक्षा देऊन वयाच्या १२ व्या वर्षापासून मिळू शकतो. इंटरनेटशी संच जोडण्यापूर्वी त्याच्या अटी नीट वाचाव्यात. शिक्षकांनी मात्र तोवर थांबायला नको. संचाऐवजी त्या ट्रान्झिस्टरला रोधकासह एक एलईडी जोडा. प्रोग्रामने हुकूम दिला की दिवा लागेल, आणि मुलांना सगळी वाट वर्गातच दिसेल.