पेशींची सफाई आणि कंपवात



घरात कंपवाताचा रुग्ण असला की कुटुंबीयांच्या मनात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. हा आजार का झाला? आणि तो थांबवता येईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अलीकडच्या दशकांत काही अंशी उलगडले आहे. दुसऱ्याचे अद्याप हाती आलेले नाही. या दोहोंविषयी आज बोलण्याचा आमचा मानस आहे.

लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. मध्यमेंदूतील ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ या काळसर भागातील चेतापेशी डोपामाइन हे रसायन निर्माण करतात. त्या नाश पावू लागल्या की हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, हाताला कंप सुटतो. ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा त्या पेशींचा मोठा भाग आधीच नष्ट झालेला असतो.

त्या नष्ट का होतात? त्वचेची पेशी झिजली की तिची जागा नवी पेशी घेते. चेतापेशीला ही सोय नाही; तिला बहुधा माणसाच्या आयुष्याइतकेच जगावे लागते. ज्याला जन्मभर एकाच घरात राहावयाचे आहे, त्याला केर रोजच्या रोज काढावाच लागतो. निकामी प्रथिने व जीर्ण भाग पिशवीत गुंडाळून पेशी ते लयकारिकांकडे पोहोचवते. तेथील विकरे त्यांचे विघटन करतात आणि उपयोगी घटक पुन्हा वापरात येतात. लयकारिकांचा शोध बेल्जियमचे ख्रिस्तियन द द्यूव्ह यांनी १९५५ मध्ये लावला आणि १९६३ मध्ये त्यांनीच या प्रक्रियेला ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिले. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी किण्वावर प्रयोग करून तिची जनुके शोधली. त्याबद्दल त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कंपवाताशी या सफाईचा संबंध अनेक बाजूंनी दिसतो. रुग्णांच्या चेतापेशींत ‘लेवी बॉडी’ नावाचे गोळे आढळतात. ते मुख्यतः अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे असतात, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले. पार्किन (१९९८) आणि पिंक-१ (२००४) या जनुकांतील दोषांमुळे काहींना तरुण वयातच हा आजार जडतो. ही जनुके बिघडलेल्या तंतुकणिकांवर खूण करून त्यांना सफाईसाठी वेगळे काढण्याचे काम करतात. लयकारिकेतील एका विकराच्या जीबीए जनुकात दोष असल्यासही धोका वाढतो. तरीही असा दोष असणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना कंपवात होत नाही. साचलेली प्रथिने स्वतःच सफाईत अडथळा आणतात. त्यामुळे सर्वच रुग्णांत बिघाडाची सुरुवात कोठे होते, यावर संशोधकांचे एकमत नाही.

ही सफाई सुधारणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. खोकल्यासाठी वापरले जाणारे अँब्रोक्सॉल त्यांपैकी एक. मात्र आजाराची वाटचाल थांबवते असे सिद्ध झालेले औषध आज उपलब्ध नाही. म्हणून आप्तेष्टांना आमची कळकळीची विनंती आहे. उपवासाने पेशींची सफाई होते व कंपवात बरा होतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. उपाशी प्राण्यांत ही प्रक्रिया वाढलेली प्रयोगांत दिसली आहे. पण त्यामुळे रुग्ण बरे होतात असा पुरावा नाही. आधीच वजन घटणाऱ्या रुग्णाला उपवास अपायकारक ठरू शकतो. लेव्होडोपासारखे औषध एकाएकी बंद करणे तर प्राणावर बेतू शकते. ते नेमक्या वेळी द्यावे. जेवणातील प्रथिनांमुळे त्याचे शोषण कमी होत असल्यास जेवणाशी मेळ कसा घालावा, हे डॉक्टरांना विचारावे. नियमित व्यायामाने चालणे व तोल सुधारण्यास मदत होते.

देणगीदारांना एवढेच निवेदन, की या आजारात उपचार वर्षानुवर्षे चालतात. एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेला मिळालेली देणगी सर्वांच्या नजरेत भरते. दरमहाच्या गोळ्या आणि व्यायामोपचार मात्र नजरेआड राहतात. तेच खंडित झाले तर चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो. संशोधनाचे फळ हाती येईपर्यंत रुग्णाला सन्मानाने उभे ठेवणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.