छातींतील धडधड आणि रुमालांतील गोळ्या



आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो मोठ्यानें बोलण्याचा नाहीं, असें अजूनही पुष्कळ घरीं मानलें जातें. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें, तेव्हां त्यांस किती लोकनिंदा सोसावी लागली, हें आपणांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. १९६० सालीं अमेरिकेंत तोंडानें घेण्याच्या गर्भनिरोधक गोळीस परवानगी मिळाली. आणि आतां तर आपल्या सरकारी आरोग्यकेंद्रांत 'माला-एन्' ही गोळी विनामूल्य मिळते. गोळी घरांत आली. तिचा उच्चार मात्र अद्याप उंबरठ्याबाहेरच उभा आहे.

कांहीं महिन्यांपूर्वीं येथील पंचवटींतून बावीस-तेवीस वर्षांची एक सून सासूबाईंसह माझ्याकडे आली. जिना चढलें कीं छाती धडधडते, रात्रीं डाव्या कुशीवर निजलें कीं ठोके कानांत ऐकूं येतात, अशी तिची तक्रार. "कांहीं औषध चालू आहे का?" मीं विचारलें. "नाहीं." पुन्हां विचारलें; पुन्हां "नाहीं." मग सासूबाईंस मीं नांव नोंदविण्याच्या निमित्तानें बाहेर धाडलें, तेव्हां मुलीनें रुमालाची गांठ सोडून गोळ्यांचें पाकीट माझ्यापुढें ठेविलें. "डॉक्टरीणबाई, ह्यांच्यामुळेंच होतें ना? बंद करूं का?"

असा प्रश्न मनांत घेऊन बसलेल्या तरुण स्त्रिया नाशकांत थोड्या नसाव्यात. गोळी सुरू केली आणि मग धडधड जाणवली, म्हणजे दोष गोळीचाच, हा तर्क सोपा आहे. पण बहुतेक वेळां तो चुकतो. कांहीं स्त्रियांचा रक्तदाब गोळीनें थोडा चढतो, म्हणून तो अधूनमधून मोजावा, हें खरें. तथापि हृदयाची लय प्रत्यक्ष बिघडविणें हा ह्या गोळीचा नित्याचा दोष नव्हे. आपल्याकडील तरुण स्त्रीची छाती धडधडूं लागली तर मी प्रथम तिच्या खालच्या पापणीचा आंतला रंग पाहतें. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींस रक्तक्षय असल्याचें आढळलें आहे. रक्तांत प्राणवायु वाहून नेणारें द्रव्य कमी पडलें, कीं हृदयास तेंच काम अधिक फेऱ्यांत उरकावें लागतें. द्राक्षांच्या हंगामांत मजुरांस लहान पाट्या दिल्या तर खेपा वाढतात, तसलाच हा प्रकार.

आणि गंमत अशी कीं ह्या बाबतींत गोळी स्त्रीची वैरीण नसून बहुधा मैत्रीणच असते. कारण तिच्यामुळें पाळीचा रक्तस्राव कमी होतो. 'माला-एन्'च्या पाकिटांत २१ पांढऱ्या गोळ्यांनंतर ७ तपकिरी गोळ्या असतात, त्या लोहाच्या. कित्येक भगिनी त्या बिनकामाच्या समजून फेकून देतात. कृपा करून फेकूं नका.

दुसरें कारण गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीचें. येथें मात्र गोळी लपविल्यानें मोठा घोंटाळा होतो. गोळींतील इस्ट्रोजेनमुळें रक्तांत थायरॉईडचा रस वाहून नेणारें प्रथिन वाढतें, आणि त्या रसाचें एकूण प्रमाण मोजलें तर तें उगाचच जास्त दिसतें. गोळीची माहिती नसलेला डॉक्टर तेवढ्यावरून नसलेला रोग आहे असें समजूं शकेल. माहिती असली तर तो टी. एस. एच्. व मुक्त थायरॉक्सिन पाहील, आणि प्रश्न तेथेंच मिटेल.

आतां भीति बाळगण्याजोगी गोष्ट. इस्ट्रोजेनमुळें रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते. पायाच्या खोल शिरेंत गुठळी होऊन ती फुप्फुसांत जाऊन अडकली, तर हृदय धांवूं लागतें आणि श्वास पुरत नाहीं. युरोपांतील औषधनियंत्रकांच्या अंदाजाप्रमाणें गोळी न घेणाऱ्या, गर्भवती नसलेल्या १०,००० स्त्रियांमध्यें वर्षाकाठीं सुमारें २ जणींस अशी गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींस, आणि ड्रोस्पायरेनोन असलेली नवी, महागडी गोळी घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींस. गरोदरपणांत व बाळंतपणानंतर हा धोका याहूनही अधिक असतो, हें गोळीस दोष देणाऱ्यांनीं विसरूं नये. आंकडा लहान आहे; पण ज्या घरावर वेळ येते, तेथें एकास एक हाच हिशेब असतो. म्हणून एकाएकीं धडधड सुरू होऊन दम लागला, दीर्घ श्वास घेतांना छातींत कळ आली, खोकल्यांतून रक्त पडलें, भोंवळ आली, किंवा एकच पोटरी सुजून दुखूं लागली, तर उद्यांची वाट पाहूं नये. त्याच घटकेस रुग्णालय गांठावें, आणि दारांतच पहिलें वाक्य बोलावें, "मी गोळ्या घेतें."

"गोळ्या" ह्या शब्दांत आणखी एक गोळी येते, आणि ती तर कोणीच मोजीत नाहीं. सप्तशृंगगडावरचा चैत्रोत्सव, त्र्यंबकेश्वरची पूजा, घरचें लग्न, असें कांहीं निघालें कीं पाळी पुढें ढकलण्यासाठीं नॉरएथिस्टेरोनची गोळी दिवसांतून तीनदां घेतली जाते. ती बहुधा शेजारणीच्या सांगण्यावरूनच. सासूबाईच ती हौसेनें आणवितात! पण ह्या मोठ्या मात्रेंत तिचा कांहीं अंश शरीरांत इस्ट्रोजेनांतच रूपांतर पावतो, व साध्या गर्भनिरोधक गोळींत असतें जवळजवळ तितकें इस्ट्रोजेन निर्माण होतें. तेव्हां जिला पूर्वीं गुठळी झाली आहे, तिनें देवदर्शनासाठींसुद्धां ही गोळी परस्पर घेऊं नये.

लहानपणीं सांधे धरून ताप आल्याचा इतिहास असेल तर तोही सांगावा. त्या तापानें हृदयाची झडप अरुंद झालेली असूं शकते, आणि अशा स्त्रीस इस्ट्रोजेनची गोळी कदाचित् मानवणारही नाहीं. म्हणून मनानें गोळी बंद करूं नये, तशीच मनानें चालूही ठेवूं नये. तिच्याऐवजीं तांबी आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंत तयार झालेली, इस्ट्रोजेन नसलेली गोळीही आहे, आणि तीच २०१६ पासून 'छाया' ह्या नांवानें सरकारी योजनेंत मिळते. निवड करण्यासाठीं एकदां मोकळेपणानें बोलावें मात्र लागतें.

आम्हां डॉक्टरांचाही येथें दोष आहे. तरुण विवाहितेस सासूच्या देखत "औषध घेतेस का?" असें विचारणें म्हणजे खोटें उत्तर मागून घेणेंच होय. रुग्णाशीं दोन मिनिटें एकटीनें बोलण्याची सोय प्रत्येक दवाखान्यांत असावयास हवी.

त्या पंचवटीच्या मुलीची नाडी मीं पाहिली. ठोके जलद, पण नियमित होते. हृदयालेख व रक्तदाब ठीक होता, पोटऱ्या ठीक होत्या. रक्ताचें प्रमाण मात्र आठाच्या आंत होतें. गोळी मीं चालूच ठेविली. लोह दिलें, आणि जेवणाबरोबरचा चहा तेवढा सोडावयास लावला, कारण त्यानें लोह अंगीं लागत नाहीं. तिसऱ्या महिन्यांत ती एकटीच आली. जिना न थांबतां चढून आली होती. गोळ्यांचें पाकीट अजून रुमालांतच होतें. पण ह्या वेळीं तिनें तें मीं विचारण्यापूर्वींच टेबलावर ठेविलें.