दुकानदाराविना दुकान

(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आज मी आपल्यापुढे एका लहानशा दुकानाविषयी बोलणार आहे. हे दुकान बाजारपेठेत नसते. ते विद्यापीठाच्या एखाद्या विभागात, वाचनकक्षाच्या कोपऱ्यात किंवा प्रयोगशाळेलगतच्या खोलीत असते. एक कपाट, त्यात बिस्किटांचे पुडे, चिक्की, फुटाणे. शेजारी चहाचे सामान. भिंतीवर दरपत्रक आणि पैसे टाकायला एक डबा. दुकानदार मात्र नसतो. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे आणि पैसे आपल्या हाताने डब्यात टाकावेत. माल आणणे, मांडणे आणि हिशेब ठेवणे ही कामे विभागातलेच दोन-चार विद्यार्थी बिनपगारी करतात.

शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर बिस्किटाच्या पुड्याचे काय काम, असे आपल्या मनात येईल. परंतु आपली मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी लांबच्या शहरांत जातात. प्रयोग रात्री उशिरापर्यंत चालतो, उपाहारगृह तोवर बंद झालेले असते. अशा वेळी दहा रुपयांत भूक भागली, आणि त्यासाठी मुलीला अंधारात फाटकाबाहेर जावे लागले नाही, तर ती लहान गोष्ट नव्हे. शिवाय हे दुकान जे चालवतात त्यांना एक असे शिक्षण मिळते, जे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. ते म्हणजे दहाजणांचा पैसा अमानत म्हणून सांभाळण्याचे शिक्षण.

अशी सोय परदेशातील विद्यापीठांत फार जुनी आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात कोकाकोलाचे एक यंत्र होते. ते विभागच चालवीत असे. बाटल्या भरण्याच्या वेळेचा नेम नसल्यामुळे कोणी दुरून चालत यावे तर यंत्र रिकामे, नाहीतर बाटली गरम. तेव्हा तेथील मंडळींनी 1982 च्या सुमारास ते यंत्र संगणकाला जोडले. कोणत्या रांगेत बाटल्या आहेत आणि कोणत्या तीन तास थंड झाल्या आहेत, हे जागेवर बसून कळू लागले. गंमत म्हणून हा किस्सा पुष्कळदा सांगितला जातो. मला त्यात दिसते ते असे, की गिऱ्हाईक नाराज होते ते मुख्यतः माल नसल्यामुळे. दुकान चालवायचे तर पहिला नियम हाच: कपाट रिकामे पडू देऊ नये.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाचे. तेथील मानसशास्त्र विभागात चहा-कॉफीच्या खोलीत असाच पैशाचा डबा होता. मेलिसा बेटसन, डॅनियल नेटल आणि गिल्बर्ट रॉबर्ट्स या तीन संशोधकांनी दरपत्रकावर एका आठवड्यात फुलांचे चित्र, तर पुढच्या आठवड्यात माणसाच्या डोळ्यांचे चित्र लावले. असे दहा आठवडे चालले. किती चहा-कॉफी खपली याचा अंदाज त्यांनी दुधाच्या खपावरून घेतला. डोळ्यांच्या आठवड्यांत डब्यात जवळजवळ तिप्पट पैसे पडले. हा निबंध 2006 साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. मात्र पुढे 2017 साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा कृत्रिम डोळ्यांमुळे माणसाची देण्याची वृत्ती वाढते असे काही आढळले नाही.

तेव्हा चित्राच्या डोळ्यांवर आपण विसंबू नये. न्यूकॅसलच्या प्रयोगातून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. खप किती आणि पैसे किती, हे त्यांनी दर आठवड्याला मोजले. मोजले म्हणून तर कळले. विश्वासावर चालणाऱ्या दुकानाला हिशेब नको, हा समज घातक आहे. उलट, जेथे दुकानदार नाही तेथे हिशेब अधिक चोख लागतो.

ही मोजणी सोपी आहे. आठवड्याच्या आरंभी शिल्लक 40 पुडे होते, नवे 60 आणले, आठवड्याच्या शेवटी 25 उरले. म्हणजे 75 गेले. दहा रुपयांप्रमाणे डब्यात 750 रुपये हवेत. निघाले 690. तूट 60 रुपयांची, म्हणजे शेकडा आठ. आता हाच पुडा घाऊक व्यापाऱ्याकडून नऊ रुपयांना आणला असेल, तर 75 पुड्यांची खरेदी 675 रुपये झाली. तूट येऊनही भांडवल शाबूत राहिले आणि 15 रुपये वर उरले. छापील किमतीपेक्षा जास्त दर लावणे कायद्याला धरून नाही. म्हणून खरेदी आणि छापील किंमत यांतील हे अंतर हेच आपले कुंपण. ते किती रुंद आहे हे चालकांना ठाऊक असले पाहिजे.

या हिशेबाचा कागद दर आठवड्याला कपाटावर चिकटवावा. त्यात खप, जमा, तूट आणि शिल्लक एवढे चार आकडे पुरेत. डबा उघडताना नेहमी दोघांनी असावे आणि मोजलेल्या रकमेखाली दोघांनी सह्या कराव्यात. हल्ली बहुतेक मुले मोबाइलवरून पैसे देतात. ते एखाद्या विद्यार्थ्याच्या खासगी खात्यात जमा होऊ देऊ नयेत. विभागप्रमुखांच्या संमतीने दोघांच्या नावे वेगळे खाते असावे. खिसा वेगळा, डबा वेगळा, हे सूत्र कधी सोडू नये. ज्याच्याजवळ आज पैसे नाहीत त्याच्यासाठी उधारीची वही दोरीने बांधून ठेवावी. त्याने स्वतः नोंद करावी आणि फेडल्यावर स्वतः खोडावी. लिहिलेली उधारी म्हणजे कर्ज. न लिहिलेली म्हणजे चोरी. दोहोंत फरक एका ओळीचा आहे, पण ती ओळ माणसाची अब्रू राखते.

मालाविषयीही दोन शब्द. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 साली महाविद्यालयांना निकस खाद्यपदार्थ बंद करण्याची सूचना केली होती. शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी यांनी कपाट भरता येते. विभागात सर्व समाजांची मुले असतात. वेष्टने फाडून माल बरणीत ओतू नये. त्यावरील हिरवी किंवा तपकिरी खूण आणि घटकांची यादी पाहून ज्याला जे चालते ते त्याने घ्यावे. रमजान, श्रावण, नवरात्र यांत खप बदलतो, हे ध्यानात ठेवून नाशवंत माल कमी आणावा. आणि सुरुवातीलाच विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नफ्याशिवाय केलेला अन्नव्यवहारही मोडतो, म्हणून नोंदणीची चौकशी त्यांच्यामार्फतच करावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. डब्यात तूट आली की माणसाचे मन लगेच एखाद्याचा चेहरा शोधू लागते. तो चेहरा बहुधा कोणाचा असतो? झाडलोट करणाऱ्या शिपायाचा, फाटक्या चपलेच्या मुलाचा, नाहीतर जो आपल्यातला नाही त्याचा. पुराव्यावाचून कुजबूज सुरू होते आणि एका निरपराध मुलाचे विभागात येणे कठीण होते. साठ रुपयांची तूट भरून निघते. हे नुकसान भरून निघत नाही. आपल्यापैकी अनेकांना अशा नजरेचा अनुभव आहे. म्हणूनच अशी नजर दुसऱ्यावर न टाकण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे.

उघडा हिशेब या कुजबुजीवरचा उतारा आहे. तूट दर आठवड्याला शेकडा सात-आठ अशीच राहत असेल, तर तीत विसरभोळेपणा, सुट्या पैशांची अडचण आणि मोजण्यातली चूक हे सारे आले. ती एकाएकी वाढली, तर नाव न घेता कागदावर लिहावे: ‘या आठवड्यात तूट अधिक आहे, अशीच राहिली तर दुकान बंद करावे लागेल.’ ज्याचे देणे राहिले असेल त्याला परत टाकण्याची वाट त्यामुळे मोकळी राहते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही जेथे शिकत असाल तेथे चारजण मिळून हा उद्योग करून पाहा. थोड्या भांडवलावर सुरुवात होते. पालकांना माझी विनंती आहे, की मुलगा किंवा मुलगी अशा कामात आठवड्याचा एखादा तास घालवीत असेल तर अभ्यासाचा वेळ वाया जातो असे समजू नका. उद्या हीच मुले पतपेढीत, नगरपालिकेत, एखाद्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर बसतील. डब्यातल्या 690 रुपयांचा हिशेब चार माणसांपुढे मांडण्याची सवय ज्यांना लागली, त्यांच्या हाती समाजाची मोठी रक्कम देताना कोणाला दोनदा विचार करावा लागणार नाही.